१/२४ चा ट्रक, १/१२ ची मोटरसायकल: किटमधून आपल्या रस्त्यावरची गाडी

चाकोरी

विमानांची आणि रणगाड्यांची किट्स जोडणारे आपल्याकडे बरेच आहेत, ट्रक आणि मोटरसायकली जोडणारे त्या मानाने थोडे. मला मात्र याच दोन गोष्टींचा खरा नाद आहे. कारच्या किटमध्ये निम्मं यंत्र बॉडीखाली झाकलं जातं. ट्रकची चासी, पाटे, एक्सल, हवेच्या टाक्या, डिझेलची टाकी, सगळं उघड्यावर असतं. मोटरसायकलला तर झाकायला काहीच नाही. इंजिन, चेन, केबली, सायलेन्सर, जे जोडाल ते शेवटपर्यंत दिसणार.

माझं एक ठाम मत आहे आणि त्यावर इथे बोलणं व्हावं असं वाटतं. किटमध्ये बदल करायचे असतील तर एअरब्रश, महागडे डिटेल सेट, आयात केलेले रंग, हे सगळं नंतर. आधी टेप घेऊन खऱ्या गाडीपाशी जा. निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, कळंबोली, वडाळ्याचा ट्रक टर्मिनल, कुठेही. ड्रायव्हरला विचारून मापं घ्या आणि टेप गाडीला लावूनच फोटो काढा, म्हणजे घरी आल्यावर फोटोवरूनही मापं काढता येतात. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट क्लीनर पोरं टेपचं दुसरं टोक धरायला येतात.

सध्या हातात इटालेरीचं १/२४ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचं, किट आहे, ट्रेलर ओढणारा दोन एक्सलचा युरोपियन घोडा. त्यातून मला आपल्याकडचा बोनेटवाला, लाकडी हौद्याचा सहा चाकी मालट्रक करायचा आहे. तो तयार किटमध्ये मी कुठे पाहिलेला नाही. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले, तो करार १९६९ मध्ये संपला, पण बेंझच्या घरातली ती नाकाची ठेवण पुढे कित्येक वर्षं आपल्या घाटांतून फिरत राहिली. लहानपणी ट्रकचं चित्र काढा म्हटलं की आपण सगळे तोच काढायचो.

आता आकडे. घोड्याचा व्हीलबेस साधारण ३.७ मीटर, म्हणजे १/२४ ला १५४ मिमी. आपल्या मालट्रकचा ४.२ मीटर धरला तर १७५ मिमी. चासी २१ मिमी वाढवायची. दोन्ही पट्ट्या एकाच रेषेत कापू नका, एक पुढे आणि एक मागे अशी कापा, नाहीतर जोड बरोबर तिथेच वाकतो. चासीच्या पन्हळीच्या आतून स्टायरीनची (किटचं असतं तेच प्लास्टिक) पट्टी जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर जाईल अशी बसवायची. सगळं काचेवर ठेवून गुण्याने तपासायचं आणि पातळ सिमेंट सोडून रात्रभर हात लावायचा नाही. पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, त्यामुळे वरवर घट्ट वाटलं तरी आतून ते बराच वेळ मऊ असतं.

टायरची गंमत मापं घेतल्यावरच कळली. युरोपियन ३१५/८०-२२.५ टायरचा व्यास सुमारे १०७६ मिमी, म्हणजे किटमध्ये ४४.८. आपल्या जुन्या ट्रकचा १०.००-२० टायर सुमारे १०५० मिमी, म्हणजे ४३.८. फरक जेमतेम एक मिलिमीटर, तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण रिम? २२.५ इंचाची रिम १/२४ ला २३.८ मिमी होते आणि २० इंचाची २१.२. युरोपियन चाक आपल्या ट्रकला लावलं की काहीतरी खटकतं ते यामुळेच: रिम मोठी दिसते आणि टायरची भिंत बुटकी. मी पातळ स्टायरीन पत्र्याची रिंग कापून रिमच्या कडेवर बसवली आणि टायरच्या काळ्यात रंगवली. एवढ्याने ट्रक एकदम आपला वाटायला लागला.

आता अडलोय बोनेटशी. दोन दिशांना गोल असलेला आकार सपाट पत्र्यातून कसा काढायचा, हे कुणी केलं असेल तर सांगा.

नादखुळा_कोल्हापूर

नाद खुळा धागा! आमच्या घरात ट्रकच्या बॉड्या बांधायचा धंदा होता, म्हणून लिहितो.

बोनेटवाल्या गाडीचं पुढचं तोंड कंपनीतनंच यायचं. त्याच्या मागं नुसती चासी, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला ठोकलेली फळकुटं. असल्या उघड्या चासीवर बसून ड्रायव्हर कंपनीपासनं आमच्या दारापर्यंत गाडी आणायचे, उन्हापावसात. केबिन आणि हौदा आमच्याकडं. म्हणजे भावा, तुमच्या मॉडेलमध्ये बोनेट एकदम गुळगुळीत पाहिजे आणि केबिन हाताने बांधलेली दिसायला पाहिजे. दोन्ही सारखंच सफाईदार केलं तर जाणकाराला पटणार नाही.

हौद्याचं सांगतो. चासीवर पहिल्यांदा दोन लांब लाकडं, त्यावर आडवी लाकडं, त्यावर फळ्या. ती लांब लाकडं चासीला यू-बोल्टनं आवळलेली असतात. हे यू-बोल्ट बरेच लोक विसरतात, आणि खालनं बघितलं की मॉडेल उघडं पडतं. तळाची फळी दीड इंची धरा, म्हणजे १/२४ ला १.६ मिमी. आइस्क्रीमच्या काड्या थोड्या जाड पडतात, घासून घ्या. फाळक्याला तिन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी, खाली बिजागऱ्या, कोपऱ्यात साखळी. साखळी इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात मिळती, सगळ्यात बारीक मागा.

आणि लाकडाला लाकडाचा रंग ठेवू नका. हौदा बाहेरनं ऑइलपेंटनं रंगवलेला असतोय. आतनं मात्र माल घासून घासून उघडा पडलेला. उसाच्या गाडीत तळ काळपट, विटांच्या गाडीत लालसर.

चाकोरी

दादा, यू-बोल्टचं सोनं सांगितलंत. माझ्या फोटोंत ते आहेत, पण नुसतं बघून ते कशासाठी आहेत हे लक्षात आलं नव्हतं. ०.५ मिमी पितळी तारेचे करतो.

घाटमाथा

छान धागा, पण मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही.

माप हे सगळं नाही. फाळक्याचा लोखंडी पत्रा खऱ्यात ३ मिमी असेल तर १/२४ ला ०.१२५ मिमी होतो. तेवढा पातळ पत्रा हाताळता येत नाही, आणि आलाच तरी हात लागून वाकतो. काही गोष्टी जाड करणं भागच आहे. रंगाचंही तसंच. खऱ्या ट्रकचा नारिंगी जसाच्या तसा डबीतून मिळवून लावला तर मॉडेल भडक दिसतं, कारण आपण हातभर अंतरावरून बघतो आणि डोळ्याला मात्र ते दूर उभ्या असलेल्या ट्रकसारखं दिसायला हवं असतं. मी कुठल्याही रंगात थोडा पांढरा किंवा बदामी मिसळतोच. काळा तर शुद्ध कधीच नाही, टायर आणि चासीला गडद राखाडी.

माझ्या मते डोळ्याला पटणं हे टेपच्या वरचं आहे.

चाकोरी

रंगाचं शंभर टक्के मान्य. जाडीचंही. पण कुठे जाड करायचं हे ठरवायलाही मूळ जाडी माहीत लागते ना? टायरच्या रिमचंच उदाहरण घ्या. खटकतंय हे डोळ्याने सांगितलं, पण का खटकतंय ते टेपनेच सांगितलं. नुसत्या डोळ्यावर विसंबलो असतो तर मी टायर बदलत बसलो असतो, आणि टायरमध्ये काही वावगं नव्हतंच.

केबल_क्लच

मोटरसायकलवाल्यांची हजेरी लावतो.

१/१२ हे मोटरसायकलचं मुख्य माप. तामियाची मोठी मालिका याच मापात आहे, कावासाकी एच२आर, डुकाटी ११९९ पानिगाले, होंडाची रेसिंग आरसी२१३व्ही. हासेगावाच्या १/१२ च्या यामाहा वायझेडआर५०० सारख्या दोन-स्ट्रोक रेसर तर अप्रतिम. आओशिमाकडे रस्त्यावरच्या जपानी गाड्या जास्त. जागा आणि पैसे असतील तर तामियाचं १/६. १९७० च्या दशकातली त्यांची होंडा सीबी७५० फोर पूर्ण झाल्यावर ३६ सेंटीमीटर लांब होते, टेबल अडवून बसते. मेंगची १/९ ची पानिगाले व्ही४ एस अलीकडची.

१/९ म्हटलं की मला प्रोतार आठवतं. तार्क्विनियो प्रोविनी हा इटालियन रेसर, १९५७ मध्ये १२५ सीसीचा आणि १९५८ मध्ये २५० सीसीचा जगज्जेता. १९६६ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत पडला, पाठीच्या कण्याला जबर मार बसला आणि रेसिंग संपलं. मग त्याने मोटरसायकलींची मॉडेल्स बनवायची कंपनी काढली. नाव स्वतःचंच, प्रोविनीतलं 'प्रो' आणि तार्क्विनियोतलं 'तार'. त्या किट्समध्ये आरे एकेक करून तारेने विणायचे असायचे. पुढे ते साचे इटालेरीकडे गेले आणि त्यातल्या काही गाड्या, नॉर्टन मॅन्क्स वगैरे, पुन्हा बाजारात आल्या. ज्या माणसाने या मशीन शर्यतीत चालवल्या त्याने पुढे त्यांची छोटी रूपं घडवली, याचं मला फार अप्रूप आहे. चाकोरींच्या टेपच्या मुद्द्याला माझा हा जुना साक्षीदार.

आता बदलांविषयी. १/१२ मध्ये सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडतात त्या केबली. खऱ्या ब्रेक पाइपची जाडी ६ ते ७ मिमी, म्हणजे १/१२ ला ०.५ ते ०.६. क्लच केबल ५ मिमी, म्हणजे ०.४. किटमधली रबरी नळी बहुतेक वेळा यापेक्षा जाड असते आणि हँडलपाशी हट्टाने सरळ उभी राहते. त्याऐवजी तांब्याची किंवा शिशाची मऊ तार घ्या, वळवाल तशी राहते. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीचं हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून केबल कुठे सैल पडते आणि कुठे ताणते ते बघा. मॉडेलमध्ये हँडल वळवून ठेवणार असाल तर हे फार महत्त्वाचं.

दुसरं, एक्झॉस्ट पाइपचा निळेपणा. तो मनाला येईल तसा मारायचा नसतो. लोखंड तापताना आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, जांभळं आणि त्याहून तापलं की निळं. म्हणून इंजिनाला लागून निळा, पुढे जांभळा, मग सोनेरी आणि नंतर साधा चकचकीत पाइप. पारदर्शक निळा आणि पारदर्शक नारिंगी भरपूर पातळ करून एअरब्रशने थर चढवा, दोन्ही एकमेकांवर आले की जांभळा आपोआप मिळतो. बाकाच्या बाहेरच्या बाजूला थोडा जास्त.

टाकीला कँडी लाल मारायचा असेल तर खाली चांदी, वर पारदर्शक लाल. प्रत्येक थराला छटा गडद होते, म्हणून टाकी, साइड पॅनल, मागचा काऊल, सगळं एकाच बैठकीत शेजारी शेजारी ठेवून मारा. एक तुकडा उद्यावर टाकला की छटा जुळत नाही.

बुलेट_सांगली

बुलेटचं किट मिळतं का हो? वडिलांकडे जुनी स्टँडर्ड आहे, तिची हुबेहूब करायची आहे.

केबल_क्लच

बुलेटचं प्लास्टिकचं जोडायचं किट माझ्या पाहण्यात नाही. माइस्टोची १/१२ ची डाय-कास्ट, म्हणजे ओतीव धातूची तयार, रॉयल एनफिल्ड क्लासिक मिळते. ती खालचे स्क्रू काढून मोकळी करता येते. धातूच्या भागांवरचा रंग पेंट रिमूव्हरने निघतो, पण प्लास्टिकच्या भागांना तो लावू नका, विरघळतात. टाकी आणि मडगार्ड तुमच्या गाडीच्या रंगात, टाकीवरच्या सोनेरी रेघा बारीक ब्रशने.

क्लासिक आणि तुमची जुनी स्टँडर्ड यांत मात्र बराच फरक आहे. जुन्या बुलेटला गियरचा लिव्हर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. सीट सलग. हेडलाइटच्या डोक्यावर दोन छोटे दिवे असतात ते तेवढे दोन्हीकडे सारखे. वडिलांची गाडी दारातच आहे, तर प्रत्येक भाग मोजून बारा-बाराने भागत चला. इंजिनाची डावी-उजवी बाजू समोरासमोरून, लांब उभं राहून झूम करून फोटोत घ्या, जवळून काढलेल्या फोटोत आकार फुगतात.

बुलेट_सांगली

उजव्या गियरचं लक्षातच आलं नसतं. धन्यवाद दादा, रविवारी बसतो.

रानजाई

वाचतेय. माझा अकरा वर्षांचा मुलगा ट्रकवेडा आहे. त्याला सुरुवातीला काय द्यावं? आणि किमती इतक्या का वाढल्यात?

स्प्रूकटर

ताई, किमतींचं आधी सांगतो. ही किट्स आयात शुल्काच्या हिशोबात खेळण्यांच्या रकान्यात येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं, २०२३ मध्ये ७० टक्के केलं. मागवण्याचा खर्च आणि कर वेगळे. खेळणी म्हणून हे धोरण समजू शकतो, पण कुशल हातांचा हा छंद त्यात भरडला गेला याचं वाईट वाटतं.

मुलासाठी सिमेंटशिवाय खटाखट बसणारं स्नॅप किट घ्या, मोठी चाकं आणि कमी तुकडे असलेलं. इटालेरीचे १/२४ चे ट्रक अकराव्या वर्षी नकोत, त्यात बारीक तुकडे भरपूर आणि संयम संपतो. साधा पाण्याचा अॅक्रिलिक रंग, दोन ब्रश आणि चांगला निपर (तुकडे कापायची छोटी पक्कड), एवढं पुरे. तुकडे फ्रेममधून पिरगाळून तोडू देऊ नका, निपरने थोडं लांब कापायचं, मग उरलेला खुंट ४०० आणि ८०० च्या पेपरने पाण्यात घासायचा. घासायचं काम मुलांना कंटाळवाणं वाटेल असं आपल्याला वाटतं, पण बोटाला गुळगुळीत लागायला लागलं की ती स्वतःहून करतात.

लॅकर आणि थिनरचं काम मात्र तुम्ही स्वतः करा, खिडकी उघडी ठेवून. कापडी मास्कने वाफ अडत नाही, ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो. हे मोठ्यांनाही लागू, यात कुणी हयगय करू नये अशी हात जोडून विनंती.

रानजाई

खूप आभार. मास्कचं माहीतच नव्हतं.

दुहेरी_तारा

जपानमधून लिहितेय. नोकरीनिमित्त इथे आहे आणि शिझुओका जवळ असल्याचा पुरेपूर फायदा घेते.

तामिया, आओशिमा, फुजिमी, तिन्ही याच शहरातल्या, आणि हासेगावा शेजारच्या याइझूतली. तामिया १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. आधी लाकडी मॉडेल्स, १९६० मध्ये पहिलं प्लास्टिकचं, यामातो युद्धनौकेचं. दर मे महिन्यात ट्विन मेस्से सभागृहात हॉबी शो भरतो. कंपन्यांच्या दालनांपेक्षा मी शेजारच्या हौशी क्लबांच्या एकत्रित प्रदर्शनात जास्त रमते. निवृत्त आजोबा आपल्या टेबलामागे बसलेले असतात, विचारलं की गाडी उलटी करून खालची बाजू दाखवतात.

पण मला सांगायचंय ते देकोतोराबद्दल. जपानी ट्रकवाले आपले ट्रक स्टीलच्या झालरी, शेकडो दिवे आणि मागच्या दारांवर रंगवलेली चित्रं यांनी मढवायचे, १९७० च्या दशकात त्याची लाटच होती. आओशिमाने त्यांची १/३२ मापाची मोठी मालिका काढली. पहिल्यांदा ती पेटी उघडली तेव्हा आपल्या ट्रकांची तीव्र आठवण आली. मासळी घेऊन रात्रभर चालणारा तिथला ट्रकवाला आणि आपला, दोघांनाही गाडी नटवावीशी वाटली. फरक असा की त्यांचा ट्रक किट होऊन जगभर गेला आणि आपला अजून कुणाच्याच पेटीत नाही. म्हणून चाकोरी, तुमचा हा ट्रक मला फार जवळचा वाटतोय.

एक उपयोगाचं: देकोतोरा किटमधले क्रोमचे तुकडे चिकटत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. सिमेंट प्लास्टिकला धरतं, क्रोमच्या थराला नाही. जोडाच्या जागेवरचं क्रोम ब्लेडने खरवडा, मग चिकटेल. पूर्ण क्रोम काढायचं असेल तर घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, हातमोजे घालून.

नादखुळा_कोल्हापूर

ताई, शेवटचं वाचून भारी वाटलं. आमच्याकडं पेंटर पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्रभर फाळके रंगवायचे. कमळ, गाय-वासरू, गरुड. 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं' आमच्या भागातल्या निम्म्या गाड्यांवर. अक्षरांना खालनं-उजवीकडनं सावली, एकाच बाजूला, कधी चुकायची नाही.

घाटमाथा

नियमातले आकडे देतो, रंगवताना उपयोगी पडतील. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पूर्वी नॅशनल परमिटच्या ट्रकला सुक्या पानाचा तपकिरी रंग आणि ३० सेंटीमीटर रुंद पांढरी किनार सांगितली होती. १/२४ ला ही किनार १२.५ मिमी. 'नॅशनल परमिट' ही अक्षरं तेव्हा ६० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात असायची, म्हणजे २५ मिमी. ट्रकची नंबर प्लेट ३४० बाय २०० मिमी, म्हणजे १४.२ बाय ८.३. पिवळी पाटी, काळी अक्षरं. मोटरसायकलवाल्यांसाठी: २०० बाय १००, १/१२ ला १६.७ बाय ८.३.

आणि काळाचं भान ठेवा. 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यावर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली. त्यानंतरचा ट्रक करताय की आधीचा, हे ठरवूनच मागचा फाळका रंगवा. जुन्या गाडीवर हाय सिक्युरिटी प्लेट नको.

(टेपला मी विरोध केला होता आणि सगळ्यात जास्त आकडे मीच देतोय. चाकोरींचा मुद्दा थोडा अंगात भिनला म्हणायचा.)

चाकोरी

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षरं आणि चित्रं डेकलवर (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचा छापील पापुद्रा) करतोय. घरच्या प्रिंटरला पांढरा छापता येत नाही, त्यामुळे पारदर्शक डेकल कागदावर छापलेलं कमळ तपकिरी रंगावर लावलं की नाहीसं होतं. म्हणून चित्रं पांढऱ्या डेकल कागदावर आणि कडेने काटेकोर कापून. इंकजेट असेल तर छपाई पूर्ण वाळवून वर क्लिअर लॅकरचे हलके थर दिल्याशिवाय पाण्यात टाकू नका, शाई वाहते. बारीक रेघा आणि सावली मात्र ००० च्या ब्रशने हातानेच. नादखुळादादा म्हणतात तसा माणसाचा हात दिसायला हवा.

दमट_रत्नागिरी

कोकणातल्या हवेत लॅकर मारलं की पांढुरकं होतं. पावसाळ्यात चार महिने काम बंदच ठेवायचं का?

स्प्रूकटर

बंद नको. थिनर भराभर उडतं, त्यामुळे पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं, म्हणून तो पांढुरका पडतो. उपाय दोन. एक, रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असलेलं मंद थिनर वापरा. दोन, पातळ थर मारा आणि दोन थरांमध्ये भरपूर वेळ द्या. कॉम्प्रेसरला पाण्याचा सापळा हवाच, नाहीतर एअरब्रशच्या तोंडातून थेंब येतो. आधीच पांढुरकं झालं असेल तर कोरड्या दिवशी नुसत्या मंद थिनरचा अगदी हलका फवारा मारून बघा, बऱ्याचदा निघतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मी फक्त एअरब्रश धुवायला वापरतो, प्लास्टिकवर ते जहाल पडतं.

पावसाळ्यात मी बाकीची कामं काढतो: चासी, तारा, दिवे. हेडलाइटमध्ये ०६०३ आकाराचा अगदी इवलासा एलईडी सहज मावतो. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एका पांढऱ्या एलईडीला ६८० ओमचा रेझिस्टर लावा. जुन्या ट्रकला झगझगीत पांढरा नको, वॉर्म व्हाइट घ्या.

दमट_रत्नागिरी

रिटार्डर मागवतो. आणखी एक. जुनं अमेरिकन ट्रकचं किट मिळालंय, एएमटीचं, १/२५. त्यातले टायर पेटीत ज्या तुकड्याला टेकले होते तिथे प्लास्टिक वितळल्यासारखं झालंय. हे काय आहे?

केबल_क्लच

टायर मऊ ठेवायला व्हिनाइलमध्ये मिसळलेलं द्रव्य वर्षानुवर्षं पाझरतं आणि स्टायरीनला खातं. उष्ण हवेत जास्तच. टायर ताबडतोब वेगळ्या पिशवीत ठेवा. जोडताना रिमवर अॅक्रिलिक क्लिअरचा थर द्या किंवा नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप रिमला गुंडाळून मग टायर चढवा. खराब झालेला भाग पुटीने भरून घासा. आणि १/२५ ची केबिन १/२४ च्या चासीवर घालू नका, चार टक्क्यांचा फरक रुंदीत लगेच दिसतो. आरसे, हॉर्न, टाक्या मात्र खुशाल इकडच्या तिकडे.

नादखुळा_कोल्हापूर

चाकोरी, बोनेटचं राहिलंच की. आमच्या इथल्या एका गॅरेजमागं जुनी बोनेटवाली गाडी उभी आहे. मालकाला विचारून ठेवलंय. काय काय मोजू सांगा.

चाकोरी

दादा, काय बोलू! बोनेटची लांबी मधल्या रेषेवर आणि कडेला, दोन्ही. पुढची रुंदी, काचेपाशी मागची रुंदी. जाळीची उंची-रुंदी. आणि जमलं तर सर्वांत महत्त्वाचं: मऊ तार बोनेटवर आडवी दाबून तिचा आकार घ्यायचा आणि वर्तमानपत्रावर गिरवायचा, पुढे, मध्ये आणि मागे असा तीन ठिकाणी.

दुहेरी_तारा

ते तीन आकार मिळाले की बोनेट सुटलं समजा. इथल्या एका आजोबांकडून शिकलेली पद्धत सांगते. तिन्ही आकार २४ ने लहान करून १ मिमी स्टायरीनमधून कापा आणि मधल्या पट्टीवर योग्य अंतराने उभे करा. मधली जागा पुटीने भरून, तिन्ही कडा जेमतेम दिसेपर्यंत घासा. हा झाला साचा. तो लाकडी ठोकळ्यावर पक्का बसवा, ०.५ मिमीचा स्टायरीन पत्रा चौकटीत ताणून मंद आचेवर धरा आणि झोळ पडायला लागला की एका दमात साच्यावर दाबा. मऊ लाकडाचा साचा असेल तर आणखी बरं, पुटी उष्णतेने तडकू शकते. पत्र्याची जाडी लक्षात घेऊन साचा सगळीकडून अर्धा मिलिमीटर कमी ठेवा. दोन-तीन पत्रे जादा ठेवा, हात बसेपर्यंत लागतात.

नादखुळा_कोल्हापूर

तार आहे, वर्तमानपत्र आहे. शनिवारी सकाळी जातो. जाळीच्या आडव्या पट्ट्यांची जाडी पण घेतो, आणि बोनेटच्या कडेचे हूक. ते पितळेचे करा, ओतीव दिसतील.